भारनियमनात ऐकलेलं

दिवसभर तो ठणठणीत होता.
दोन जुन्या स्कूटर-बॅटऱ्या, एक वरच्या अंगाला, एक खालच्या,
टिप एक्केचाळीस, टिप बेचाळीस,
मागाच्या भंगारातून कापलेली ॲल्युमिनियमची पट्टी,
आणि साखर पेठेतल्या आमच्या भिंतीपलीकडे
बोद्धुलांचे चोवीस माग.
खडखट् खडखट् खडखट्.
त्यात काय फाटतंय, काय नाही,
कुणाला कळणार?

दुपारी दोनला लाईट गेली.
चोवीस धोटे जिथल्या तिथे थांबले
आणि गल्लीला कान फुटले.
विडीच्या पानावर आईची कात्री, कच् कच्,
खाली कुणाची तरी घागर,
आणि माझ्या ॲम्प्लिफायरमधून बाजारभाव सांगणारी बाई,
घशात वाळू भरल्यासारखी.
'तूर' नीट. 'उडीद' नीट.
मधलं 'आणि' फाटकं.

मोठ्यानं लावलं की स्वच्छ. हळू केलं की खरखर.
मला हे उलटं वाटलं.
आवाज चढला की फाटतो,
या घरात एवढंच शिकले होते.

बॅटऱ्या मोजल्या. बारा, बारा.
स्पीकरच्या कागदावरून बोट फिरवलं, कुठे उसवलं नव्हतं.
रेडिओची वायर बदलली.
एक डाग सुका वाटला, तो पुन्हा वितळवायला उठले
तर आयर्न गार.
लाईट नाही ना.

मग पंधरा दिवस असेच.
लाईट असली की हात चालायचे, कान नाही.
लाईट गेली की कान, हात नाही.
नवी पेठेतले कलशेट्टी म्हणाले,
"मोठ्यानंच लाव की गं.
हळू ऐकून कुणाचं भलं झालंय?"

अप्पांनी एकतीस वर्षं जॉबरकी केली.
त्यांची कुजबूज तिसऱ्या घरात ऐकू जाते.
जेवता जेवता पट्टीकडे बोट करून ओरडले,
"ही दोघं काय करतात?"
मीही ओरडून सांगितलं:
हा लाटेचा वरचा अर्धा उचलतो, तो खालचा.
"बदली कधी?"
शून्यावर.
"मग शून्यावर मागापाशी कोण?"

भाकरी माझ्या हातात तशीच राहिली.

"पहिला गेटाबाहेर पडायच्या आत
दुसरा उभा पाहिजे.
नाहीतर तेवढ्यात तार जाते.
घडी घातली तरी ते कापडात दिसतं बे."
आणि शेंगाचटणीची वाटी पुढे ओढली.

शून्य दशांश सहा व्होल्ट.
एवढी हाक आल्याशिवाय दोघांतला एकही डोळा उघडत नव्हता.
मोठ्या आवाजाला सहाची काय किंमत?
पण हलक्या आवाजाचं
सगळं आयुष्यच तेवढं.

म्हणून दोघांच्या मध्ये दोन डायोड,
हाक नसतानाही किंचित जागं ठेवायला.
पहिल्यांदा एक उलटा बसला.
दोघेही इतके जागे झाले की
चाळीस रुपयांचा धूर निघाला.
आईनं पदर नाकाला लावला, बोलली नाही,
तिच्या हजार विड्यांतल्या किती गेल्या ते मी मोजलं.

पुन्हा बसवले. या खेपेला सुलटे,
पट्टीला चिकटवून, तिघाचौघांना एकच ऊब.
मीटरवर थोडेसे मिलिव्होल्ट.
मग मी लाईट जायची वाट बघत बसले,
सोलापुरात असं कुणी बसत नाही.

गेली. सव्वाचारला.
आवाज अगदी खाली आणला.
तूर आणि उडीद.
आणि हरभरा.
आणि.

आईची कात्री थांबली.
"बाई आत येऊन बसली की गं."
अप्पा दारातून ओरडले, "झालं का?"
झालं, म्हटलं मी, हळू.
त्यांना ऐकू गेलं नाही. आईनं कात्रीनंच खूण केली.

तेवढ्यात लाईट आली.
खडखट् खडखट्, चोवीसच्या चोवीस.
बाई बोलत असावी अजून.
मी पट्टीवर बोट ठेवलं.
दोघेही कोमट होते.